‘लो’च्या जागी ‘शो’

दादाची कॅसेट लोकगीतांची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांनी ज्यांनी ती ऐकली त्यांतल्या बहुतेकांनी ती दुसऱ्याच कशाची तरी म्हणून ऐकली, आणि त्यातच दादाचं गाणं संपलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. मी कचेरीत कारकून म्हणून लागले होते. जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून कागदांचे बस्ते आले होते. ते गावागावाप्रमाणे लावायचे, फडकी बदलायची, वर चिठ्ठी चिकटवायची, हे माझं काम. मला ते आवडायचं. घरात आजही माझ्या डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, आणि मुलं हसतात.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. दादा गवंडी. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, साहेबांना क्वार्टर हवे होते, म्हणून तोही लातुरात आला. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. वर्षभर त्याचं काम जोरात चाललं. मग पाऊस गेला. पुढच्या साली पुन्हा गेला. टँकर सुरू झाले, आणि भिंतीला मारायला पाणी द्यायचं नाही असा हुकूम निघाला. अर्ध्या उभ्या राहिलेल्या क्वार्टरांच्या भिंती तशाच उन्हात तडकायला लागल्या, आणि दादा घरी बसला.

तो पहिल्यापासून गायचा. गावाकडं भीमजयंतीला, लग्नाला, बारशाला. त्याची पार्टी लहानशी होती: एक बेंजो, एक ढोलकी आणि त्याच्या स्वतःच्या हातात हलगी. काम बंद पडल्यावर त्यानं ठरवलं, आता वेळ आहे तर कॅसेट काढू. एका फोटोवाल्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून, पंखा बंद करून त्यांनी ती भरली. एका गाण्यात मधेच बाहेरच्या टँकरचा हॉर्न आला. तो त्यांनी तसाच ठेवला, कारण गाणं टँकरचंच होतं.

ते गाणं थट्टेचं होतं. टँकर म्हणजे नवरदेव.

नवरदेव आला, टँकरावर बसून आला,
मुंडावळ्या धुळीच्या, हारन वाजवत आला.
करवल्यांनो पळा गं, घागरी घ्या काखंला,
वरमाय पडली हिरीत, कुनी बघंना तिला.

हे तो इतक्या झपाट्यानं म्हणायचा की शेवटच्या ओळीला हसू आवरायचं नाही. विहिरीत पाणीच नाही, म्हणून वरमायला काही होत नाही, आणि पुढच्या कडव्यात ती विहिरीच्या तळातूनच व्याह्यांना शिव्या घालते.

तयार झालेली पहिली कॅसेट मी कचेरीत नेली. वर मीच पेनानं ‘लोकगीते’ लिहिलं होतं. आमच्याकडं गाण्याचे दोन मोठे शौकीन होते. एक नाझर, कचेरीचा जमाखर्च बघणारे. ते नांदेडकडचे आणि आमच्याच समाजाचे. दुसरे शिपाईमामा, जन्मापासून लातूरच्या गल्लीत वाढलेले मुसलमान. त्याच महिन्यात नांदेडच्या एका पार्टीची कॅसेट बाजारात आली होती आणि नाझरांनी ती पाठ केली होती. दुपारी जेवणाचे डबे उघडले, नाझरांच्या टेपवर एकापाठोपाठ एक दोन्ही लागल्या.

“बाई, आवाज चांगला हाय तुमच्या दादाचा,” नाझर म्हणाले. “पर हे भीमगीत न्हाई.”

“नाहीच. लोकगीत आहे.”

“मग जयंतीला कोन बोलवंल? आख्ख्या कॅसेटीत बाबांचं नाव शोधावं लागायलंय. नांदेडवाल्याचं बघा, दर कडव्यात.”

“नाव घेऊन घेऊन जीभ झिजली त्याची, साहेब,” मामा दारातून म्हणाले. “आन् ते तरी भीमगीत कुठंय? वरून खालपर्यंत कव्वाली. चाल आमच्या दर्ग्यातली, शेरवानी बी आमच्याच दर्जीची.”

“चाल तुमची, शबूद आमचे. बिघडलं कुठं?”

“बिघडलं न्हाई. पर मग कव्वाली म्हना की! आन् तान घेताना त्यो नाकात का बोलून राहिला? पडसं झालंय का आख्ख्या नांदेडाला?”

“मामा, बाईंच्या दादाचा बेंजोवाला तुमच्याच गल्लीतला, म्हनून तुमाला लातूर गोड लागतंय.”

“हाव, लागतंय. खोटं कशाला बोलू?”

इथपर्यंत हसणं होतं. मग नाझर माझ्याकडं वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू का बाई, मला ती हलगी खटकती. आपल्या बापजाद्यांनी गावकीच्या कामात ती वाजवली. टाकून दिली तवा मानसात आलो. तुमचा दादा ती परत उचलून आनायलाय.”

मी घरी आल्यावर दादाला हे सांगितलं. तो चुलीपुढं भाकरी थापत होता, त्या दिवशी पाळी त्याची होती. म्हणाला, “वाजवायला लावत होते ते वाईट होतं. वाजवनं वाईट न्हवतं.” थोड्या वेळानं म्हणाला, “पर नाझर म्हन्तो त्याच्यात बी दम हाय. त्याला सांग, पुढच्या कॅसेटीत भांडू.”

त्याला हे वाद आवडायचे. नांदेडच्या गायकाची कॅसेट त्यानंही आणली होती. बेंजोवाल्याबरोबर बसून ती लावायचा, मधेच बंद करायचा, म्हणायचा, “ही जागा बघ कशी घेतली लेकानं. आपल्याला न्हाई जमायची.” पुढच्या जयंतीला लातुरात दोन्ही पार्ट्यांचा सामना लावायचा, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. कमिटीतल्या दोघातिघांना तो भेटूनही आला होता. ते म्हणाले होते, कॅसेट बाजारात येऊ द्या, मग बघू. त्याला एवढंच हवं होतं. स्टेज, समोर नांदेडवाला आणि मधे माणसं.

कॅसेटच्या डबीत घालायचा कागद छापायला त्यानं अहमदपूरच्या एका प्रेसला दिला, कारण प्रेसवाला ओळखीचा होता. त्या वर्षी प्रेसला लग्नपत्रिकांचं काम नव्हतं. लग्नं लांबली होती, पाहुण्यांना पाजायला पाणी कुठलं. छापायला यायची ती मयताची पत्रं आणि शोकसभेची हँडबिलं. मोठ्या ठळक टाइपाचे खिळे त्याच्याकडं मोजकेच. आदल्या कामातला ‘शोक’ जुळवलेला तसाच पडला होता. त्यानं विचार केला, तोच घेऊ, पुढं ‘गीते’ लावू आणि ‘शो’ काढून ‘लो’ घालू. ‘गीते’ लावून झालं आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. प्रेसवाला घागर घेऊन पळाला. परत आला तो भिजलेला, भांडून आलेला, कुणाच्या तरी कोपराचा मार खाल्लेला. मशीनवर बसला आणि सगळे कागद छापून मोकळा झाला.

लातूरला गठ्ठा सोडला तेव्हा दादानंच पहिला कागद उचलला. निळ्या शाईत, ठसठशीत: ‘मराठवाडी शोकगीते’. खाली दादाचं नाव, पार्टीचं नाव, हलगीचं चित्र.

बेंजोवाला चिडला. गठ्ठा घेऊन आलेल्या प्रेसवाल्यानं घडलं ते सांगितलं, तसा दादा हसत सुटला. “अरे, घागरीपायी झालं! ह्याच्यावरच एक गानं होतंय.” पुन्हा छापायचे तर कागदाला पैसे नव्हते. मी म्हटलं, आपण पेनानं सुधारू, माझं अक्षर चांगलं आहे. बसलेसुद्धा सुधारायला. पण छापील ठळक ‘शो’वर पेनाचा ‘लो’ म्हणजे शाळेच्या पोरानं केलेली खाडाखोड दिसायला लागली. दुकानदार म्हणाला, असला माल मी ठेवणार नाही, छापील तेच राहू द्या. दादा म्हणाला, “राहू दे. शोक तर शोक. आवाज तर त्योच हाय ना? लोक ऐकून ठरवतेल.”

लोकांनी वाचून ठरवलं.

दुकानदारानं कॅसेट कुठं ठेवायची हा त्याच्यापुढचा साधा प्रश्न होता, आणि मी त्याला दोष देत नाही. मीही बस्त्यावरची चिठ्ठी वाचूनच बस्ता लावायची, उघडून बघायची नाही. त्यानं ती भजनं आणि अभंगांच्या शेजारी, खालच्या फळीवर लावली. तिथून ती घ्यायला यायचे ते ज्यांच्या घरी कुणीतरी गेलं असेल असे लोक. आणि त्या दोन उन्हाळ्यांत अशी घरं खूप होती.

पहिलं बोलावणं अहमदपूरकडच्या एका खेड्यातून आलं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम. नवरा तरुण होता, बायको गेली होती. दादा पार्टी घेऊन गेला. जाताना म्हणाला, दोन सावकाश गाणी आहेत, तेवढी म्हणून येतो, अशा वेळी नाही कसं म्हणायचं.

तो रात्री परत आला. मग पाय धुवायला मी दिलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी परत बादलीत ओतत म्हणाला, “त्यांनी टँकरचं मागितलं.”

“मयतीत?”

“कॅसेट लावून लावून पाठ झालती त्यांची. म्हातारी म्हनाली, ते हिरीतलं म्हन बाबा.” त्यानं तांब्या पालथा घातला. “सून हिरीत उतरली होती गं. तळातलं पानी वाटीनं भरायला. वरून दरड आली. मला कुनी सांगितलंच नव्हतं.”

“मग?”

“मग काय. संथ म्हनलं. वरमायची सून केली. शेवटचं कडवं सोडून दिलं.” हलगी त्यानं खुंटीला लावली. “सगळे रडले. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.”

त्यानंतर बोलावणी येतच राहिली. मुखेडहून, उदगीरकडून, एकदा थेट बिलोलीहून. नुसती आमच्या समाजातली नव्हेत, पाटलांच्या घरचीही. दहाव्याला, तेराव्याला, शोकसभेला. प्रत्येक ठिकाणी टँकरचं गाणं, आणि प्रत्येक ठिकाणी संथ. हलगीचा उपयोग नव्हता, म्हणून ती खुंटीलाच राहिली.

कचेरीत नाझर खूश होते. “आता कसं बेस झालं! नांदेडवाला जयंतीचा, तुमचा दादा मयतीचा. भांडनच मिटलं.”

मामा संतापले. “साहेब, काय बोलून राहिलात? छापनारानं गलती केली, त्याची जिम्मेदारी गानाऱ्यावर?”

“गलती कशाची? ऐका तरी. वरमाय हिरीत पडती, कुनी बघत न्हाई. याच्यापरीस मोठा शोक कोन्ता?”

“तो विनोद आहे,” मी म्हणाले.

“विनोद असता तर लोक रडले असते का, बाई?”

मामांनी टेप बंद केला. म्हणाले, “असल्या जमान्यात हसायचं गानं काढलं हीच त्याची गलती.”

जयंती जवळ आली तेव्हा दादा कमिटीला भेटायला गेला. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, तुमचा आवाज म्हणजे काळीज चिरतो, आमच्या म्हातारीच्या वेळी तुम्हीच पाहिजेत. जयंतीला मात्र नांदेडची पार्टी सांगितली होती. सामना नको म्हणाले. आनंदाचा दिवस आहे.

दादा मिरवणुकीत चालला, स्टेजपुढं जमिनीवर बसून पूर्ण कार्यक्रम ऐकला आणि घरी येऊन मला प्रत्येक गाण्याचे गुण-दोष सांगितले. आवाजात काही कडवटपणा नव्हता. मला तेच जास्त लागलं.

त्याच सुमाराला नाझरांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. बिलोलीचं. मुलगा शिक्षक, वडील निवृत्त गुरुजी, घर शिकलेलं. बघणं झालं, पसंती झाली. तारीख ठरवायला गुरुजी आमच्या खोलीवर आले. माय गावाहून आली होती. लग्न बिलोलीला, साधं, पंचशील घेऊन. जेवणानंतर गाण्याचा कार्यक्रम.

“नांदेडची पार्टी सांगितली आहे,” गुरुजी म्हणाले.

नवऱ्या मुलीनं बोलायची ती जागा नव्हती. तरी मी बोलले. “माझा भाऊ गातो. तो गाईल.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “पोरी, आम्ही मुहूर्त मानत नाही. शकुन-अपशकुन मानत नाही. आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं.”

“मग?”

“मी मानत नाही. पण जेवायला बसलेल्या माणसाला आपण लग्नात बसलोय असं वाटलं पाहिजे ना? तुझ्या भावाचा आवाज ऐकला की आमच्याकडं लोक डोळे पुसायला दस्ती काढतात.”

दादा कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, “गुरुजी बरोबर बोलून राहिलेत. नांदेडवाला चांगला हाय.”

“एक गाणं,” मी म्हटलं. “एकच. हसायचं. नाहीतर कार्यक्रमच नको.”

गुरुजी माणूस वाईट नव्हते. चष्मा परत लावून म्हणाले, “भावाला कोण नको म्हणेल? एक गाणं म्हणू दे.”

ते गेल्यावर दादा माझ्यावर रागावल्यासारखं करत होता, पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं हलगी खाली काढली. कचेरीतून येताना गल्लीच्या तोंडापासून मला ती ऐकू यायची. त्याला टँकरचंच म्हणायचं होतं, मूळ चालीत. आणि ते जमत नव्हतं. सुरुवात झपाट्यानं व्हायची, मुंडावळ्यांपर्यंत ठीक, मग करवल्यांपाशी पाय ओढल्यासारखी लय खाली यायची. हलगी पुढं जायची, आवाज मागं राहायचा. थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. एकदा वैतागून म्हणाला, “त्या म्हातारीचा हात येतो गं मधे.”

त्यानं वरमायची ओळच बदलली. वरमाय विहिरीत पडायच्या ऐवजी टँकरच्या नळीला लोंबकळायला लागली. आणि लग्नाला चार-सहा दिवस राहिले असताना एका संध्याकाळी मी दाराबाहेर चपला काढत होते, तेव्हा आतून ते गाणं सगळंच्या सगळं आलं. न थांबता, न घसरता, हलगीसकट. नळीला लोंबकळणाऱ्या वरमायचं ऐकून मी एकटीच दारात उभी राहून हसले. शेजारीण बघायला लागली.

लग्न पार पडलं. पाण्यासाठी गुरुजींनी टँकर सांगून ठेवला होता आणि त्याच्यावर दोन माणसं राखणीला बसवली होती. जेवणं झाली. नांदेडचा गायक स्टेजवर चढला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. शेरवानी वगैरे नव्हती, साधा पांढरा शर्ट होता. गायला मात्र सुंदर. नाकात गातो हे मामांचं म्हणणं थोडं खरं होतं. तीन-चार गाणी झाल्यावर त्यानं हात वर करून माणसांना शांत केलं.

“नवरीचे बंधू स्वतः गायक आहेत. लातूरच्या पार्टीचे. त्यांची कॅसेट मी ऐकलीय. हलगी असली ऐकली नव्हती.” त्यानं दादाकडं पाहिलं. “या दादा, वर या.”

मला वाटतं, त्या एका वाक्यासाठी दादा ती दोन वर्षं जगला होता. तो उठला. कातडं ताणावं म्हणून हलगी त्यानं मांडवाच्या खांबाशी शेगडीजवळ तापत ठेवली होती, ती उचलली. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, “अरे, त्योच का? शोकगीतवाला?” दुसरा म्हणाला, “हाव, त्योच. आमच्या चुलत्याच्या वेळेला आलता.” सगळ्या मांडवात ते पसरलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट आवाज एकदम कमी झाला, माणसं सावरून बसली, बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मयताच्या घरी बसतात तशी सगळी बसली.

दादा बायकांच्या बाजूनं पुढं निघाला होता. मायनं बसल्या जागेवरून त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

“नको रे बाबा. आज नको.”

“माय, हसायचं हाय ते. लोकगीत हाय.”

“मला काय कळतंय त्यातलं? लोक काय म्हन्तेत ते मी बी ऐकलंय.” ती रडायला लागली होती. “पोरीचं लगीन हाय. पोरीच्या संसारावर नको.”

मी स्टेजसमोर नवऱ्याशेजारी बसले होते. उठून गेले. “माय, सोड त्याला. मी सांगितलंय त्याला म्हणायला.” मायनं माझ्याकडं पाहिलं, पण हातातलं टोक सोडलं नाही. ती कधी शाळेत गेली नव्हती. कॅसेटवर काय छापलंय ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं असणार, आणि ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

दादानं तिचा हात हळूच सोडवला. मला वाटलं, आता तो पुढं जाईल. तो तिच्याजवळच खाली बसला. हलगी मांडीवर पालथी ठेवली.

“बरं माय,” म्हणाला. “न्हाई म्हनत.”

नांदेडचा गायक वरून बघत होता. त्यानं तबलेवाल्याला खूण केली आणि पुढचं गाणं धरलं. मांडव पुन्हा सैल झाला. पोरं नाचायला लागली.

संध्याकाळच्या एसटीनं माय आणि दादा निघाले. दादानं माझ्या नवऱ्याशी हात मिळवला, गुरुजींना जयभीम केला. मला म्हणाला, “सासऱ्याला सांग, पार्टी चांगली होती. तबला जरा पुढं पळत होता, तेवढं सोडलं तर.”

“दादा—”

“न्हाई गं, खरंच चांगली होती.”

पुढच्या वर्षी पाऊस झाला. अर्ध्या राहिलेल्या क्वार्टरांना पाणी मिळालं आणि दादाचं काम सुरू झालं. मी तोवर बदली घेऊन नांदेड जिल्ह्यात आले होते, पण लातूरला गेले की त्याच्याकडं उतरायची. असंच एकदा सकाळी मी त्याच्याकडं असताना दोन माणसं आली. दोघांच्या खांद्यांवर टॉवेल होते, चेहरे उतरलेले. घरातलं माणूस गेलं होतं. शोकगीतवाले इथंच राहतात का, त्यांनी विचारलं.

दादा कामावर निघाला होता. हातात ओळंबा आणि थापी. त्यानं दोघांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, कोण गेलं ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, “चुकीचा पत्ता दिला तुमाला कुनी. मी गवंडी हाय. गानारा मानूस पायजे तर नांदेडला जा, तिथं एक चांगला हाय.”